अनुबोधपट, राष्ट्रीय स्मृती आणि फ्रान्सचा अनुभव

आलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'रात्र आणि धुके' हा नाझी छळछावण्यांवरील अवघ्या बत्तीस मिनिटांचा अनुबोधपट १९५६ साली प्रदर्शित होण्यापूर्वी फ्रान्सच्या परीक्षण मंडळापुढे आला, तेव्हा मंडळाने त्यातील एका छायाचित्रावर बोट ठेवले. छावणीवर नजर ठेवून उभा असलेला एक पहारेकरी त्या छायाचित्रात दिसत होता आणि त्याच्या डोक्यावर फ्रेंच शिपायाची सर्वांच्या ओळखीची, सपाट माथ्याची टोपी होती. छावणी फ्रान्सच्या भूमीवरील आणि पहाराही फ्रेंच माणसाचा, एवढी हकिकत त्या एका टोपीने सांगून टाकली असती. बरीच ओढाताण झाल्यावर तडजोड निघाली. छायाचित्र राहिले, टोपीवर मात्र तुळईसारखी भासणारी एक काळी पट्टी रंगवण्यात आली. पुढे तो चित्रपट शाळाशाळांतून दाखवला गेला, फ्रान्सच्या दोन पिढ्यांनी तो पाहिला, आणि त्या चौकटीत काही झाकलेले आहे अशी शंकाही बहुतेकांना आली नाही. कालांतराने निघालेल्या आवृत्त्यांत ती टोपी पुन्हा दिसू लागली.

एका टोपीचे हे प्रकरण क्षुल्लक वाटेल. परंतु लोकप्रिय अनुबोधपट राष्ट्राची स्मृती कशी घडवतात, या प्रश्नाची सगळी गुंतागुंत त्यात सामावलेली आहे. शाळा सुटली की इतिहासाचे पाठ्यपुस्तक रद्दीत जाते. त्यानंतर सामान्य नागरिकाच्या मनात भूतकाळाचे जे चित्र उरते, ते संशोधकांच्या ग्रंथांतून आलेले नसते; ग्रंथ फार थोडे लोक वाचतात. ते चित्र येते कथा-कादंबऱ्यांतून, पुतळ्यांतून, पुण्यतिथ्यांच्या भाषणांतून, आणि गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत मुख्यतः पडद्यावरून. त्यातही कथापट पाहताना प्रेक्षक निदान एवढे जाणून असतो की समोरचा राजा हा पगारी नट आहे. अनुबोधपट पाहताना ही सावधगिरी सुटते. येथे कोणी काही रचून सांगत नसून घडलेले जसेच्या तसे दाखवले जात आहे, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः शेकडो तासांच्या चित्रफितींतून दोन तास निवडणारा, त्यांना क्रम देणारा आणि त्यावर निवेदन चढवणारा कोणीतरी असतोच. आणि त्याला पैसा पुरवणाराही कोणीतरी असतो.

फ्रान्सचे उदाहरण या दृष्टीने अतिशय बोलके आहे. २२ जून १९४० रोजी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केला. १० जुलै रोजी संसदेने ८० विरुद्ध ५६९ मतांनी चौऱ्याऐंशी वर्षांच्या मार्शल पेतँ यांच्या हाती सर्वाधिकार दिले आणि व्हिशी या पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी त्यांचे सरकार बसले. हे सरकार केवळ जर्मनांच्या दावणीला बांधलेले बाहुले नव्हते. ऑक्टोबर १९४० मध्ये ज्यूंना सरकारी सेवा, शिक्षण आणि वृत्तपत्रे यांतून काढून टाकणारा कायदा या सरकारने आपण होऊन केला. पुढे १९४२ ते १९४४ या काळात सुमारे ७६ हजार ज्यूंना फ्रान्समधून मृत्युछावण्यांकडे रवाना करण्यात आले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास परत आले. त्यांना पकडणारे हात बहुतांशी फ्रेंच पोलिसांचे होते.

मुक्ततेनंतर मात्र वेगळी कथा उभी राहिली. पॅरिसने स्वतःला स्वतःच्या बळावर मुक्त केले, असे जनरल द गॉल यांनी २५ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिसच्या नगरभवनातून सांगितले. त्यात तथ्य नव्हते असे नाही, पण दोस्त सैन्याचा वाटा त्यात फारच संकोचला होता. देश मनाने कायम प्रतिकाराच्या बाजूने होता, देशद्रोही होते ते मूठभर, आणि व्हिशी म्हणजे खरा फ्रान्स नव्हेच, ही त्या कथेची तीन सूत्रे होती. हरलेल्या, भुकेल्या आणि आपापसांतील सूडाने पोखरलेल्या देशाला उभे करण्यासाठी या कथेची गरज होती, हे द गॉल यांच्या टीकाकारांनीही समजून घ्यावयास हवे. १९६४ च्या डिसेंबरात प्रतिकारनेते झाँ मुलँ यांच्या अस्थी राष्ट्रपुरुषांच्या समाधिमंदिरात समारंभपूर्वक नेण्यात आल्या, तेव्हा ही कथा कळसाला पोहोचली होती. चित्रपटगृहांतील वार्तापट, शाळांतील धडे आणि सरकारी दूरचित्रवाणी यांनी ती घरोघर पोहोचवली.

या कथेला धक्का दिला तो मार्सेल ओफ्यूल्स यांच्या 'शोक आणि करुणा' या अनुबोधपटाने. २४ मे २०२५ रोजी वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी ओफ्यूल्स निवर्तले, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांना प्रथम आठवला तो हाच चित्रपट. त्यांचा जन्म फ्रँकफुर्टचा. वडील माक्स ओफ्यूल्स हे नावाजलेले दिग्दर्शक. ज्यू असल्याने १९३३ साली त्यांनी कुटुंबासह जर्मनी सोडली आणि फ्रान्सच्या पराभवानंतर तेथूनही पळ काढून १९४१ मध्ये अमेरिका गाठली. ज्या देशाने प्रथम आसरा दिला आणि नंतर घालवून दिले, त्या देशाला हा मुलगा पुढे प्रश्न विचारणार होता. पत्रकार आंद्रे हारिस आणि आलँ द सेदुई हे त्याचे सहकारी. १९६८ च्या मे महिन्यातील संपानंतर फ्रेंच दूरचित्रवाणीतून अनेकांना बाहेर पडावे लागले, त्यांत ही मंडळीही होती. चित्रपटासाठी पैसा उभा राहिला तो पश्चिम जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथील दूरचित्रवाणी संस्थांकडून. फ्रान्सने व्याप्तीच्या काळात काय केले याची चौकशी करण्याचा खर्च अशा रीतीने पूर्वीच्या व्यापकर्त्याच्या तिजोरीतून आला, ही गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून सुटली असती तरच नवल.

चित्रपट चार तासांहून मोठा, कृष्णधवल, आणि दोन भागांत विभागलेला आहे: पहिला 'कोसळणे', दुसरा 'निवड'. व्हिशीपासून फारशा दूर नसलेल्या क्लेर्मों-फेराँ या मध्यम आकाराच्या शहरातील माणसांना बोलते करावयाचे, त्यांच्या बोलण्याशेजारी त्या काळातील प्रचारी वार्तापटांचे तुकडे ठेवावयाचे, आणि निवेदकाने सहसा गप्प राहावयाचे, अशी त्याची रीत. शीर्षकही एका औषधविक्रेत्याच्या तोंडचे आहे. त्या चार वर्षांत सर्वांत अधिक काय अनुभवले, असे विचारल्यावर त्याने हेच दोन शब्द सांगितले. तो आपल्या मोठ्या झालेल्या मुलांसमोर बसून बोलतो, आणि त्या मुलांचे चेहरे पाहिले की घरात हा विषय किती वर्षे टाळला गेला असेल याचा अंदाज येतो.

या साक्षीदारांत सर्व प्रकारचे लोक आहेत. व्हिशी सरकारच्या तुरुंगातून क्लेर्मों-फेराँ येथेच पळालेले आणि पुढे पंतप्रधान झालेले प्येर मेंदेस फ्रान्स आहेत. ते कटुतेचा लवलेशही न ठेवता बोलतात. मुलीच्या लग्नात छातीवर पदके लावून, तोंडात सिगार धरून बसलेला जर्मन कप्तान आहे. जर्मन गणवेश चढवून रशियाच्या आघाडीवर लढलेला क्रिस्तियाँ द ला मझिएर हा सरदारपुत्र आहे, आणि आपण त्या वाटेला का गेलो हे तो इतक्या सभ्यपणे व स्पष्टपणे सांगतो की प्रेक्षक अस्वस्थ होतो. लुई ग्राव्ह हा शेतकरी प्रतिकारात होता. कोणीतरी त्याच्याविरुद्ध चुगली केली आणि त्याची रवानगी बूखेनवाल्ड छावणीत झाली. चुगली करणारा कोण हे त्याला ठाऊक आहे. आपण सूड घेतला नाही, एवढेच तो सांगतो. एक दुकानदार आहे. त्याचे आडनाव ज्यू वाटण्याजोगे असल्याने त्याने स्थानिक वृत्तपत्रात जाहिरात देऊन आपण ज्यू नसल्याचे कळवले होते. ओफ्यूल्स त्याला शांतपणे एकामागून एक प्रश्न विचारत राहतात. दुकानदाराला यात काही गैर वाटत नाही. गिऱ्हाइकांचा गैरसमज होऊ नये म्हणून केले, इतकेच.

परंतु शिक्षकी पेशातील वाचकाला सर्वांत अधिक झोंबेल तो प्रसंग शहरातील शाळेचा आहे. दोन वृद्ध अध्यापक शाळेत उभे राहून जुन्या दिवसांविषयी बोलत आहेत. दोघेही सुसंस्कृत आणि भले गृहस्थ. ज्यू असल्यामुळे काढून टाकलेल्या सहकाऱ्यांविषयी त्यांना विचारले जाते आणि त्यांची स्मरणशक्ती अडखळू लागते. हो, कोणीतरी होते खरे. नाव चटकन आठवत नाही. त्या वेळी इतरांनी काही केले का? सर्वांनी मिळून राजीनामे द्यावेत ही कल्पनाच त्यांना अव्यवहार्य वाटते. त्यांनी कोणाची चुगली केलेली नाही, जर्मनांना मदत केलेली नाही. तास घेतले, उत्तरपत्रिका तपासल्या. एक सहकारी येईनासा झाला आणि वेळापत्रक बदलले. पुढे आपल्या स्मृतीतूनही त्याचे नाव निघून गेले हे त्यांना कॅमेऱ्यासमोर प्रथम जाणवत असावे. राष्ट्र विसरते म्हणजे नेमके काय होते, हे कित्येक ग्रंथांना सांगता आले नाही ते या पाच-सात मिनिटांत दिसते.

चित्रपट १९६९ साली तयार झाला आणि पश्चिम जर्मनीत दाखवला गेला. त्यानंतर स्वित्झर्लंड आणि इतर काही देशांतही. फ्रान्समध्ये मात्र नाही. येथे एक बारकावा ध्यानी घेण्याजोगा आहे. बंदीचा हुकूम कधीच निघाला नाही. फ्रेंच दूरचित्रवाणी ही सरकारी मक्तेदारी होती आणि १९८२ च्या कायद्यापर्यंत ती तशीच राहिली. मक्तेदार विक्रेता भाव चढवतो हे सर्वांना माहीत असते. मक्तेदार ग्राहकाचे सामर्थ्य तितकेसे ध्यानात येत नाही. ज्या बाजारात खरेदी करणारा एकच, तेथे त्याने 'सध्या नको' म्हणणे हीच बंदी. तिला कागद लागत नाही, कारण द्यावे लागत नाही, आणि तिच्याविरुद्ध न्यायालयातही जाता येत नाही. १९९० च्या दशकापर्यंत एकाच सरकारी दूरदर्शनवर वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला हे अधिक उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. कारण विचारले गेलेच, तर दूरचित्रवाणीच्या प्रमुखांनी ते दिलेही होते: फ्रेंच जनतेला अद्याप ज्या मिथकांची गरज आहे, ती मिथके हा चित्रपट उद्ध्वस्त करतो, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे नमूद आहे. प्रामाणिक उत्तर म्हणावे लागेल. चित्रपट खोटा आहे, असे ते म्हणाले नाहीत.

एप्रिल १९७१ मध्ये पॅरिसच्या विद्यार्थीवस्तीतील एका लहानशा चित्रपटगृहात 'शोक आणि करुणा' अखेर लागला आणि दीड वर्षाहून अधिक काळ चालला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अध्यक्ष पाँपिदू यांनी, ल्यों येथील व्हिशीच्या सशस्त्र दलाचा एक म्होरक्या पॉल तुव्हिए याला गाजावाजा न करता माफी दिली. ती बातमी पुढे फुटली आणि वादळ उठले, तेव्हा १९७२ च्या पत्रकार परिषदेत, फ्रेंच माणसे एकमेकांवर प्रेम करीत नव्हती त्या दिवसांवर आता पडदा टाकण्याची वेळ आली नाही काय, असा सवाल पाँपिदू यांनी केला. एका चित्रपटगृहात पडदा उघडत होता, त्याच वेळी राष्ट्राध्यक्ष तो टाकू पाहत होते. त्याच वर्षी रॉबर्ट पॅक्स्टन या अमेरिकन इतिहासकाराचा व्हिशीवरील ग्रंथ निघाला. १९७३ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद आला. फ्रान्समधील दप्तरे संशोधकांना खुली नव्हती, म्हणून पॅक्स्टन यांनी दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलेल्या जर्मन कागदपत्रांवरून काम केले. व्हिशीने जर्मनांना अडवले नाही, उलट अनेकदा त्यांनी मागण्यापूर्वीच देऊ केले, हा त्यांचा निष्कर्ष होता. चित्रपटाने जी शंका निर्माण केली तिला ग्रंथाने पुरावा पुरवला. ग्रंथ अर्थातच थोड्यांनी वाचला.

दूरचित्रवाणीवर चित्रपट येण्यास २८ ऑक्टोबर १९८१ उजाडावा लागला. मे महिन्यात सत्तांतर होऊन समाजवादी फ्रान्स्वा मित्तेराँ अध्यक्ष झाले होते. दोन रात्री मिळून सुमारे दीड कोटी लोकांनी चित्रपट पाहिला असे सांगतात. यातील विडंबना पुढे तेरा वर्षांनी उघड झाली. मित्तेराँ यांनी प्रतिकारात सामील होण्यापूर्वी व्हिशी सरकारची नोकरी केली होती आणि पेतँ यांच्या हस्ते दिले जाणारे मानचिन्हही स्वीकारले होते, हे १९९४ साली एका पत्रकाराच्या पुस्तकाने तपशीलवार मांडले. ज्याच्या राजवटीत चित्रपट प्रथम घरोघर पोहोचला, तो स्वतः त्या चित्रपटात साक्षीदार म्हणून बसू शकला असता.

इथपर्यंतची हकिकत ऐकून, धाडसी चित्रपट विरुद्ध भित्री सत्ता, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु प्रक्षेपणाला विरोध करणाऱ्यांत सिमोन व्हेल याही होत्या, आणि त्यांना भित्र्यांत घालता येत नाही. सोळाव्या वर्षी त्या आउशविट्झला नेल्या गेल्या होत्या. आई, वडील आणि भाऊ त्यांनी गमावले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्या दूरचित्रवाणीच्या संचालक मंडळावर असताना त्यांनी या चित्रपटाविरुद्ध मत दिले. त्यांचे म्हणणे असे की या चित्रपटात सारे फ्रेंच लोक भ्याड आणि स्वार्थी दिसतात, आणि ज्यांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवले त्यांच्यावर हा अन्याय आहे. हा आक्षेप गंभीर आहे, कारण त्याच्या पाठीशी आकडे आहेत. फ्रान्समधील ज्यूंपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक वाचले. युरोपातील इतर अनेक व्याप्त देशांच्या तुलनेत हे प्रमाण बरेच मोठे आहे. त्याची कारणे अनेक आहेत. प्रदेशाचा विस्तार, उशिरापर्यंत व्याप्तीबाहेर राहिलेला दक्षिण भाग, जर्मन मनुष्यबळाचा तुटवडा, हे सर्व त्यांत येते. परंतु दार उघडणारे शेजारी, खोटे दाखले देणारे कारकून आणि मुलांची नावे हजेरीपटात बदलून लिहिणारे शिक्षक हेही त्यांत येतात. क्लेर्मों-फेराँच्या त्या दोन अध्यापकांचे हे दुसरे भाऊबंद चित्रपटात जवळजवळ दिसत नाहीत. बायकाही फारशा दिसत नाहीत. जी एक ठळकपणे दिसते ती मार्शल पेतँ यांची चाहती आहे.

हा अपुरेपणा पुढे महाग पडला. आन्री रूसो (हे तत्त्वज्ञ रूसो नव्हेत, विसाव्या शतकातील इतिहासकार होत) यांनी १९८७ साली व्हिशीच्या स्मृतीचा इतिहासच लिहिला आणि हा चित्रपट त्या स्मृतीतील मोठे वळण असल्याचे दाखवले. वळणानंतर रस्ता सरळ गेला नाही. १९४४ ते १९७० या काळात 'सारे प्रतिकारक होते' असे मानणारा फ्रान्स त्यानंतरच्या काळात 'सारे लाचार होते' असे मानू लागला. प्येर लाबोरी या इतिहासकाराने २०११ साली या दुसऱ्या समजुतीवर ग्रंथ लिहिला आणि त्याचे शीर्षकच चित्रपटाच्या शीर्षकावर कोटी करून 'शोक आणि विष' असे ठेवले. त्या काळातील पत्रे, गुप्त अहवाल, पोलिसांच्या नोंदी आयुष्यभर तपासलेल्या या माणसाचे म्हणणे असे की बहुसंख्य लोक वीर नव्हते हे खरे, परंतु त्यांची चुप्पी ही संमती होती असे कागदपत्रे सांगत नाहीत. चुप्पीचेही अनेक प्रकार असतात. ओफ्यूल्स यांनी एका शहराविषयी प्रश्न विचारले होते. प्रेक्षकांनी त्यांचे साऱ्या देशाविषयीचे उत्तर करून टाकले. बाजारात हलके नाणे चलनात राहते आणि जड नाणे लोक पेटीत ठेवतात, तसेच येथे झाले म्हणावयाचे.

त्याची दुरुस्तीही काही अंशी अनुबोधपटानेच केली, हे सांगितले पाहिजे. त्याच डोंगराळ मध्य फ्रान्समध्ये ल शांबों नावाचे प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांचे गाव आहे. युद्धकाळात या गावाने आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी मोठ्या संख्येने ज्यूंना आसरा दिला. आसरा मिळालेल्यांपैकी एका जोडप्याला १९४४ साली तेथेच मुलगा झाला. प्येर सोव्हाज हा तो मुलगा मोठा होऊन अमेरिकेत चित्रपटकार झाला आणि १९८० च्या दशकात परत येऊन त्याने त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना बोलते केले. त्यांना आपण काही विशेष केले असे वाटत नाही. ओफ्यूल्स यांच्या दुकानदारालाही तसेच वाटत होते. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तरच त्या काळातील फ्रान्सची थोडी कल्पना येते. पण असे पाहणारे किती?

आज मोठ्या संख्येने पाहिले जातात ते निराळ्याच घाटाचे अनुबोधपट. सप्टेंबर २००९ मध्ये फ्रान्सच्या सरकारी वाहिनीवर 'अपोकॅलिप्स' ही दुसऱ्या महायुद्धावरील सहा भागांची मालिका सुरू झाली आणि लक्षावधी प्रेक्षकांनी ती पाहिली. नंतर ती जगभर विकली गेली. निरनिराळ्या देशांच्या संग्रहांतून जमवलेल्या जुन्या चित्रफितींना तिच्यात रंग चढवले आहेत, आवाज भरला आहे, आणि निवेदक अखंड बोलत असतो. खर्च मोठा असल्याने अनेक देशांत विकला जाईल असा माल करणे भाग पडते, आणि अनेक देशांत विकावयाचे तर कोणत्याच देशाला अडचणीचे प्रश्न विचारून चालत नाही. पूर्वी एक ग्राहक 'नको' म्हणत असे. आता शंभर ग्राहकांना एकाच वेळी रुचेल ते शोधावे लागते. रंगवण्याच्या बाबतीत निर्मात्यांनी एक अपवाद केला: ज्यूंच्या संहाराची दृश्ये त्यांनी कृष्णधवलच ठेवली. हेतू आदराचा होता. परंतु त्या निर्णयाने बाकीच्या रंगांविषयी त्यांनाही थोडी शंका होती हे उघड होते, असे म्हटल्यास चूक ठरू नये.

रंगाहून मोठा प्रश्न मूळ चित्रफितींचा आहे. व्याप्त फ्रान्समध्ये कॅमेरा कोणाच्या हाती होता? जर्मन सैन्याच्या आणि व्हिशीच्या प्रचारखात्याच्या. क्लोद शाब्रोल यांनी १९९३ साली केवळ त्या काळातील व्हिशीच्या वार्तापटांचे तुकडे जोडून 'व्हिशीचा डोळा' हा चित्रपट केला. सल्लागार होते पॅक्स्टन आणि फ्रेंच इतिहासकार झाँ-प्येर अझेमा. त्यात शाळकरी मुले मार्शलसाठी गाणी म्हणतात, शेते पिकतात, कारखाने चालतात. पोलीस कोणाचे दार ठोठावताना त्यात दिसत नाहीत. प्रतिकारकांजवळ वृत्तपत्राच्या कागदाची मारामार होती, तेथे चित्रफीत कोठून येणार? अनुबोधपटाचा कच्चा माल हा असा आधीच एका बाजूने निवडलेला असतो. तो कितीही सचोटीने वापरला तरी ही मूळची निवड पुसली जात नाही. ओफ्यूल्स यांनी जुन्या दृश्यांपेक्षा माणसांच्या बोलण्यावर भर दिला. क्लोद लान्झमान यांनी १९८५ च्या 'शोआ' या साडेनऊ तासांच्या चित्रपटात जुने एकही दृश्य वापरले नाही. यामागे कलेचा अट्टाहास कमी आणि हे भान अधिक होते.

१६ व १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी पॅरिस व उपनगरांतून सुमारे १३ हजार ज्यूंना पकडले. त्यांत चार हजारांवर मुले होती. कुटुंबेच्या कुटुंबे हिवाळी सायकल-शर्यतींच्या एका बंदिस्त क्रीडागृहात दिवसेंदिवस कोंडून ठेवली गेली. ते क्रीडागृह १९५९ साली पाडण्यात आले. या कृत्यात फ्रेंच शासनाचा हात होता, याची कबुली अध्यक्ष शिराक यांनी त्या जागेजवळ दिली ती १६ जुलै १९९५ रोजी, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. दरम्यानच्या काळात क्रीडागृहात दाटीवाटीने बसलेल्या माणसांचे एक छायाचित्र या घटनेचे म्हणून पुस्तकांत आणि पडद्यावर वर्षानुवर्षे वापरले जात होते. १९८३ मध्ये सर्ज क्लार्सफेल्ड यांनी दाखवून दिले की ते छायाचित्र १९४४ च्या मुक्ततेनंतरचे आहे, आणि त्यात बसलेले लोक जर्मनांशी सहकार्य केल्याच्या संशयावरून पकडलेले आहेत. म्हणजे बळी म्हणून ज्यांच्याकडे राष्ट्र पाहत होते, ते आरोपी निघाले. त्या दोन दिवसांचे खरे म्हणून जे एकच छायाचित्र हाती आले आहे, त्यात रस्त्याच्या कडेला क्रीडागृहासमोर ओळीने उभ्या असलेल्या पॅरिस शहराच्या बसगाड्या दिसतात.